तुलनेचा माणूस

मेंदूपेढी हा शब्द थोरलीने घरात पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा तिचा धाकटा भाऊ जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला होता. रक्तपेढी त्याला माहीत होती, नेत्रपेढीही कानावरून गेली होती. पण मेंदू कुणी ठेवायला देतं का, आणि दिलाच तर परत मागायला जायचं कुणी, असा त्याचा सवाल. "आमच्या सुपरवायझरचा आधी घ्या," तो म्हणाला. "कोरा करकरीत आहे, एकदाही वापरलेला नाही." आई तोंडावर हात धरून हसली. थोरलीही हसली. वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि संध्याकाळी दारावर त्यांची थाप पडेल ही भीती तिघांच्याही अंगातून हळूहळू उतरत होती.

थोरलीचं काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. ज्यांनी आपल्या हाताने आपलं आयुष्य संपवलं अशांचे मेंदू घरच्यांच्या परवानगीने पेढीत यायचे. भीती वाटली, ताण आला की अंगात एक रसायन सुटतं. त्याला आवर घालणारी व्यवस्था या मेंदूंत कुठे बिघडली होती, ते शोधायचं. विभागाचे प्रमुख, म्हणजे सर, हे शाळकरी पोरांना सांगावं तसं सांगत. गच्चीवरच्या टाकीत एक तरंगता बॉल असतो. टाकी भरली की तो वर येतो आणि पाणी बंद करतो. मेंदूतही तसंच काहीतरी आहे, धोका टळला की ते म्हणतं, पुरे आता. काहींचा बॉल अडकतो आणि टाकी रात्रंदिवस वाहत राहते. ज्यांनी लहानपणी फार मार आणि फार भीती सोसली, त्यांच्यात हे जास्त होतं, असा सरांचा कयास होता. कयास सिद्ध करायला माणसं लागतात, आणि इथे तर ती मेलेलीच लागत होती.

मेंदूचे पातळ काप करणारे लोक वरच्या मजल्यावर बसत. थोरलीचा संबंध जिवंतांशी. माणूस गेल्यावर दोनेक महिन्यांनी तिने त्याच्या घरी जायचं, आईसमोर नाहीतर बायकोसमोर बसायचं आणि विचारायचं. झोप कशी होती, जेवण कसं होतं, पुढचे बेत काय होते, लहानपणी मार बसला होता का. दुःख जरा निवळू द्यावं म्हणून दोन महिने थांबायचा नियम होता. दुःख दोन महिन्यांत निवळतं हे नियम करणाऱ्याला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. थोरलीने शेकडो घरांत हे प्रश्न विचारले होते आणि ती ते फार चांगले विचारायची. रडणाऱ्याला रडू द्यायची, गप्प बसणाऱ्याबरोबर गप्प बसायची, आणि मग हलकेच पुढचा प्रश्न पुढे करायची.

या कामात अडचण एकच, ती म्हणजे जोडीदारांची. नुसता बिघडलेला मेंदू बघून काही कळत नाही; शेजारी चांगला ठेवून बघावा लागतो. म्हणून अशा मेंदूच्या, लाल झाकणाच्या प्रत्येक डबीला निळ्या झाकणाची एक जोडीदार लागायची. त्याच वयाचा, बाईला बाई, पुरुषाला पुरुष, मनाने धडधाकट आणि अपघाताने किंवा हृदय बंद पडून अचानक गेलेला. याला ते लोक तुलनेचा माणूस म्हणत. तुलनेच्या माणसांचा कायमचा दुष्काळ असायचा. धडधाकट माणसं सहसा अशी मरत नाहीत, आणि मेली तर त्यांचे घरचे पेढीवाल्यांना दारात उभं करत नाहीत. त्यामुळे कितीतरी लाल डब्या जोडीशिवाय वर्षानुवर्षं गारठत पडलेल्या. "आपण लग्नं जुळवणारे झालो," सर म्हणायचे, "फक्त आपल्याकडे दोन्ही पक्ष घाई करत नाहीत."

अशीच एक लाल डबी एका शिंप्याच्या मुलाची होती. मुलगा पस्तिशीचा, दारू नाही, सिगारेट नाही, आणि एका दुपारी दुकानाच्या माळ्यावर सापडला. शिंपी दरवर्षी त्या तारखेच्या आसपास विभागात यायचा, हातात टोपी धरून बाकावर बसायचा आणि थोरलीला विचारायचा, "काही कळलं का?" थोरली त्याला चहा द्यायची आणि सांगायची की अजून जोडीदार मिळाला नाही. तो मान हलवायचा, जणू दुकानात अस्तराचं कापड आलं नाही असं कुणीतरी सांगितलं. मग पुढच्या वर्षी पुन्हा यायचा.

आणि मग धाकटा गेला.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका मोठ्या इमारतीत नवव्या मजल्यावर काम चाललं होतं, दार उघडं होतं, लिफ्ट वर अडकवून ठेवलेली होती, आणि तो शाफ्टमध्ये खाली गेला. सेफ्टी बेल्ट त्याच्या पिशवीत होता. साथीदार म्हणाले, उकाड्यात कोण घालतो बेल्ट, आम्हीपण काढतो. पोलीस म्हणाले, अपघात. डॉक्टर म्हणाले, अपघात. आईने भिंतीला पाठ टेकली आणि शेजारपाजारच्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं, पाय घसरला. त्याची बायको सात वर्षांच्या मुलीला कुशीत घेऊन तेच म्हणत होती. थोरलीही म्हणाली. तिला मात्र त्याच क्षणी आदल्या आठवड्यातला रविवार आठवला होता.

त्या रविवारी धाकटा न सांगता तिच्याकडे आला होता, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून. थोरली एकटी राहायची, दोन खोल्यांत, रात्रीच्या जेवणापुरती आईकडे जायची, आणि तिच्या खोल्यांतली दुरुस्तीची कामं वर्षानुवर्षं तुंबलेली. नळ गळायचा, खिडकी लागायची नाही, कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबायचं. येतो गं, बघतो गं, असं म्हणत त्याने तिला चांगली चार वर्षं टोलवलं होतं. त्या दिवशी त्याने आल्या आल्या बाह्या सारल्या आणि एकेक काम हातावेगळं केलं.

"आज सूर्य कुठून उगवला?" तिने विचारलं.

"राहून जायला नको," तो म्हणाला. "तुझी बोलणी किती दिवस खायची."

ती हरखली. आयता हाताशी लागला आहे म्हटल्यावर तिने न्हाणीघराची कडी दाखवली, इस्त्रीची वायर दाखवली, पडद्याचा दांडा दाखवला. त्याने तेही केलं. चहा घेतला. जाताना दारात उभं राहून खोलीवर एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, "आता बरीच वर्षं बघावं लागणार नाही." तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि त्याला निरोप दिला.

राहिलेली कामं माणसाने शेवटच्या काही आठवड्यांत एकाएकी उरकली होती का, हा प्रश्न थोरली प्रत्येक घरात विचारायची. उत्तर देताना लोकांचा चेहरा कसा होतो, हेही तिला पाठ होतं. तिच्या घरात तो प्रश्न स्वतःच्या पायांनी चालत आला, आणि तिने त्याच्याकडून पडद्याचा दांडा बसवून घेतला.

हे कुणालाच माहीत नव्हतं. धाकट्याने घरी सांगितलं नव्हतं, आणि थोरलीने कुणालाही सांगितलं नाही.

मेंदू द्यायची गोष्ट भावजयीने काढली. थोरलीच्या तोंडून नाव निघायच्या आधीच शवागाराच्या पायरीवर बसून ती म्हणाली, "वन्सं, तुमच्या पेढीला द्यायचा का? तुमच्याकडे चांगल्या माणसांचे लागतात ना?" तिचे डोळे कोरडे होते. थोरलीला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण म्हणजे तो रविवार. तिने मान हलवली.

सरांनी आधी नियम पाहिला. कर्मचाऱ्याचा नातेवाईक असला तरी चालत होतं, फक्त त्या कर्मचाऱ्याने निर्णयात बसायचं नव्हतं. वय पाहिलं, सवयी पाहिल्या, मृत्यूनंतर किती वेळात ताबा मिळाला ते पाहिलं आणि सर नकळत बोलून गेले, "शिंप्याच्या मुलाला जोडी मिळाली." मग त्यांनी जीभ चावली. थोरली म्हणाली, हरकत नाही. हरकत कशी नव्हती? पण ऑफिसात माणूस तेच म्हणतो.

दोन महिने उलटल्यावर मुलाखतीची वेळ आली. थोरलीच्या जागी विभागातली नवी मुलगी जाणार होती, जिला प्रश्न विचारायला थोरलीनेच शिकवलं होतं. नियमाप्रमाणे थोरलीने तिथे असायचं कारण नव्हतं, पण आईने हट्ट धरला की तू घरात हवीस. मग ठरलं की ती स्वयंपाकघरात बसेल आणि बाहेर येणार नाही. भावजय ओट्यापाशी भांडी पुसत उभी राहिली. मधलं दार उघडंच राहिलं.

नव्या मुलीने रेकॉर्डर टेबलावर ठेवला, पाणी मागितलं, आणि सुरुवात केली. तिचा आवाज थोडा कापत होता. आईचा नाही.

"शेवटच्या महिन्यात झोप कशी होती त्यांची?"

"पडला की घोरायला लागायचा. हलवून उठवावं लागायचं."

"जेवण?"

"ताट चाटूनपुसून स्वच्छ. मी म्हणायची, अरे नक्षी जाईल."

"पुढचे काही बेत..."

"मुलीला समुद्र दाखवायला नेणार होता सुट्टीत. तिच्यासाठी बादली आणि फावडंही बघून ठेवलं होतं त्याने."

नवी मुलगी हसली. आईही हसली असावी. 

आई प्रश्न पुरा होऊ देत नव्हती. पाणी भरून ठेवलेल्या घागरीतून ओतावं तशी उत्तरं येत होती, धार कुठे तुटत नव्हती. चिडचिड? छे, साधा आवाज चढवायचा नाही. एकटं बसणं? त्याला चार माणसांशिवाय करमायचंच नाही. आपल्या वस्तू कुणाला देऊन टाकल्या? उलट, त्याच महिन्यात नवे बूट घेतले. लहानपणी मार? "त्यांच्या वडिलांनी पोरांना कधी बोट लावलं नाही," आई म्हणाली. भांडी पुसणाऱ्या भावजयीचा हात क्षणभर थांबला. थोरली भिंतीकडे पाहत राहिली. वडिलांनी तिला खरोखरच बोट लावलं नव्हतं, ती हुशार होती, विचारलेल्याचं उत्तर पटकन द्यायची. धाकटा अडखळायचा. अडखळला की पट्टा निघायचा, आणि अंगाला पट्ट्याची सवय झाल्यावर त्याला कोळशाच्या खोलीत कोंडायचं. दार उघडल्यावर तो काहीच बोलायचा नाही, ताईच्या शेजारी येऊन बसायचा, आणि त्याचं हृदय तिच्या दंडाला लागून कितीतरी वेळ धडधडत राहायचं.

थोरलीला आता कळलं होतं की आईला ही उत्तरं कुणी शिकवली. तिनेच. इतकी वर्षं आईकडे रात्रीच्या जेवणाला बसून ती आपल्या कामाच्या गोष्टी सांगत आली होती. नाव गाव न सांगता, पण सांगत आली होती. झोपेचं का विचारतात, वस्तू वाटून टाकण्याचं का विचारतात, कुठल्या उत्तरावर त्यांचे कान टवकारतात. आई वाढता वाढता म्हणायची, असं होय. थोरलीला वाटायचं, आई नुसती हुंकार देते आहे. आईने सगळा पेपर पाठ केला होता.

आणि तरी आई एका जागी चुकत होती, जे थोरलीने कधी सांगितलं नव्हतं, कारण ते कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. खरोखरच अपघाताने गेलेल्याच्या घरी तक्रारी ऐकू येतात. भारी आळशी होता मेला, औषध वेळेवर घ्यायचा नाही, त्या दिवशी माझ्याशी भांडला आणि न जेवता गेला. त्या माणसांना काही लपवायचं नसतं, म्हणून ती माणसाला माणूस राहू देतात. ज्या घरात गेलेला माणूस एकदम देव होतो, तिथे थोरली पेन खाली ठेवून अधिक लक्ष देऊन ऐकायची. नव्या मुलीला अजून एवढी समज आली नव्हती. ती समाधानाने लिहून घेत होती.

"वन्सं," भावजय अगदी हळू म्हणाली, "आई बरोबर सांगतायत ना सगळं?"

"बरोबर सांगतायत."

"मग झालं." तिने एक ताटली पुसली, ती पुसलेलीच होती. "मुलगी मोठी झाल्यावर विचारेल. पाय घसरला म्हणता आलं पाहिजे मला. पाय काय, कुणाचाही घसरतो."

 थोरलीला भावजयीची दया आली आणि आईचा राग आला, आणि दोन्हींच्या तळाशी एक शरमेची सुटकाही होती, की आता हे प्रकरण असंच मिटेल आणि त्या रविवारबद्दल कुणी विचारणार नाही.

लाल की निळं, ही वर्गवारी सरांसह विभागातल्या तिघांनी केली. थोरली त्या वेळी जिन्यात उभी होती. मुलाखत स्वच्छ, पोलिसांचं म्हणणं स्वच्छ, पायांवर पडल्याने मेंदूला कसली इजा नाही. निळं झाकण. नवी मुलगी तिला शोधत जिन्यात आली आणि तिचा हात धरून म्हणाली, "मॅडम, इतकं सुखी घर मी अजून पाहिलं नव्हतं." थोरलीने तिचा हात थोपटला.

त्याच आठवड्यात शिंपी आला. टोपी हातात, बाकाच्या त्याच टोकाला. त्याने विचारलं, काही कळलं का, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थोरलीला दुसरं उत्तर देता आलं. जोडीदार मिळाला आहे, आता तपासणी पुढे सरकेल.

 शिंप्याने विचारलं, तो माणूस कोण होता. ते सांगता येत नाही, असं थोरली म्हणाली. त्याने मान हलवली.

"चांगला होता ना पण? म्हणजे मनाने?"

"तसाच लागतो," थोरली म्हणाली.

"त्याच्या आईबापांना माझा निरोप द्याल का? नाव नका सांगू. म्हणावं, धडधाकट मुलगा गेला तुमचा, अशा वेळी दुसऱ्याच्या मुलाचा विचार केलात. माझी बायको रोज विचारते की आपलं काय चुकलं. तिला काहीतरी सांगता येईल आता." बोलता बोलता त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली. "उपकार झाले त्यांचे."

त्याने चहा पुरा संपवला. थोरलीचा चहा निवून गेला. ती मनाशी दोन डब्या शेजारी शेजारी ठेवत होती. लाल आणि निळी. वरच्या मजल्यावरचे लोक दोन्हींचे काप करतील, मोजतील, आणि त्यांना दोन्हींत एकसारखंच काहीतरी दिसेल. मग ते प्रामाणिकपणे लिहितील की आजारी मेंदूत आणि निरोगी मेंदूत फरक आढळला नाही. शिंप्याला सांगावं लागेल की काही सापडलं नाही. त्याची बायको पुन्हा म्हणेल, मग आपलंच चुकलं असेल. एका घराची अब्रू राखायला दुसऱ्या घराच्या पदरात दोष घालायचा, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नव्या मुलीच्या टेबलासमोर जाऊन बसली.

"माझी मुलाखत राहिली आहे," ती म्हणाली. "बहिणीची."

नवी मुलगी गोंधळली. आईची झाली म्हणजे पुरेशी आहे, असं काहीतरी म्हणाली. मग थोरलीच्या तोंडाकडे बघून तिने मुकाट्याने रेकॉर्डर काढला. मृताशी नातं? थोरली बहीण. लहानपणी मार? हो. कोण? वडील. कशाने? थोरलीने सांगितलं. कोळशाच्या खोलीचं सांगितलं. धडधडणाऱ्या हृदयाचं सांगितलं. नव्या मुलीचे प्रश्न बरोबर क्रमाने येत होते, नीट शिकवलं होतं तिला, आणि तो प्रश्न यायच्या आधीच थोरलीला त्याची पावलं ऐकू येत होती.

"शेवटच्या काही आठवड्यांत राहिलेली कामं... उरकली होती का त्यांनी?"

थोरलीने नळापासून सुरुवात केली. पडद्याच्या दांड्यापर्यंत आल्यावर तिला पुढे बोलता येईना. नवी मुलगी गप्प बसली, शिकवलं होतं तशी, आणि थोरलीला तिचा भयंकर राग आला. या शांततेचा समोरच्याला किती त्रास होतो, ते इतकी वर्षं तिला कुणी बोललं नव्हतं.

तिघांनी पुन्हा बैठक घेतली. संध्याकाळी सर तिच्या खोलीत आले, खुर्ची ओढली पण बसले नाहीत. "झाकण बदललं," ते म्हणाले. "तुलनागटातून काढलं. शिंप्याच्या मुलासाठी पुन्हा शोधू." मग म्हणाले, "तुम्ही बोलला नसतात तरी कुणाला कळलं नसतं."

"म्हणूनच बोलले," थोरली म्हणाली.

सर गेल्यावर ती टेबलावर डोकं ठेवून रडली. धाकटा गेल्यापासून ती पहिल्यांदाच अशी रडत होती, तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखी.

पेढी आपला निर्णय घरच्यांना कळवत नाही. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण आईच्या हातचं जेवताना मान खाली घालून बसणं थोरलीला जमेना. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती घरी गेली. भावजय मुलीला घेऊन बाहेर गेली होती. आई पलंगावर बसून वाळलेले कपडे घडी करत होती. त्यांत धाकट्याचे शर्टही होते. कुणी घालत नसलं तरी आई ते दर आठवड्याला धुवायची.

थोरलीने सांगितलं. शिंप्याचं सांगितलं, रविवारचं सांगितलं, झाकण बदलल्याचं सांगितलं. आईने हातातली घडी पुरी केली.

"तुला बोलायची काय गरज होती?"

"खोटं होतं ते, आई."

"मला माहीत नाही का?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी काय त्याच्यासाठी खोटं बोलले? तो गेला, त्याला लाल काय नि निळं काय. सुनेसाठीही नाही. ती निभावून नेईल, तरणी आहे. तुझ्यासाठी बोलले. तुला अजून त्या ऑफिसात जायचं आहे. जगाच्या घरी जाऊन विचारतेस, तुमच्या लक्षात कसं आलं नाही. उद्या तुला कुणी उलटून विचारलं तर? दिव्याखाली अंधार म्हणतील. त्यापेक्षा घसरला बरा."

थोरली तिच्याजवळ पलंगावर बसली. आईच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते, भांगाची कातडी दिसत होती. इतक्या जवळून तिने ते कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तुला संशय होता?" तिने विचारलं.

"संशय कसला. त्याने सांगितलं होतं मला."

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं. तिच्या चाकांचा आवाज खिडकीतून आला आणि कोपऱ्यावर वळून गेला.

"एकदा सून घरात नव्हती. इथेच बसला होता, तू बसलीयेस तिथे. म्हणाला, आई, मला आता नको झालंय. रडला नाही, काही नाही. मला काय बोलावं ते कळेना. मी म्हटलं, अरे, ताईला सांगूया, तिला यातलं कळतं, ती रोज हेच बघते. तर माझा हात धरला त्याने. म्हणाला, तिला नको सांगूस. सांगितलं की ती विचारायला लागेल. एकामागून एक. मला उत्तरं द्यायला जमत नाही, तुला माहीत आहे." आईने पुढचा शर्ट ओढला, त्याची कॉलर सारखी केली. "मी शपथ घेतली. मला वाटलं, मायेने, गोडीगुलाबीने काढीन बाहेर. तुझ्याशिवाय काढीन."

थोरलीला आईला जवळ घ्यायचं होतं. तिचे हात तसे उचललेही गेले होते. पण तिच्या तोंडून आधी शब्द बाहेर पडले, सवयीचे, हलके, इतक्या घरांत वापरून गुळगुळीत झालेले.

"कधी म्हणाला हे? त्या दिवसांत झोप लागत होती का त्याला?"

आईचे हात थांबले. तिने थोरलीकडे पाहिलं, बराच वेळ, रागाने नाही.

"बघ," ती म्हणाली. "लागलीस विचारायला."